उल्जिनवालीची जागा

सासूबाई दवाखान्यात होत्या. त्यांची खोली झाडायला म्हणून मी आत गेले आणि भिंतीपलीकडून आवाज आला. खर्र, खर्र. मग थांबून पुन्हा खर्र. कोणीतरी सावकाश, अगदी मन लावून काहीतरी चावत होतं. भर दुपार होती, अंगणात लख्ख ऊन होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. केरसुणी तिथेच टाकून मी बाहेर पळाले.

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते. बुसानमध्ये, बंदराच्या गजबजाटात वाढले, तिथे मला कशाची भीती वाटायची नाही. लग्न होऊन हानगोलच्या या डोंगरात आले आणि शांततेलाच घाबरायला लागले. नवरा, थेगिल, जहाजावर. वर्षातले बहुतेक महिने समुद्रातच असतो. घरात मी आणि सासूबाई. आमच्याकडे गावात बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. मी बुसानवाली, सासूबाई उल्जिनवाली. त्यांचं सगळं आयुष्य इथे गेलं, पण त्यांचं खरं नाव विचारलंत तर अर्धं गाव डोकं खाजवेल.

मी भिंतीला वळसा घालून मागे गेले. सासूबाईंच्या खोलीची जमीन अजून सरपणावर तापते. बाहेरच्या अंगाला चुलाण आहे. त्यात लाकूड सारलं की धग जमिनीखालून फिरते. मी माझ्या खोलीला तेलाचा बॉयलर बसवून घेतला, त्याचे टोमणे अजून खाते आहे. चुलाणाला लागून छपराखाली लाकडांची थप्पी होती. मी वाकून कान लावला. आवाज त्यातूनच येत होता. एका ओंडक्यातून नव्हे, वरून, खालून, मधून, सगळीकडून. खाली जमिनीवर पिवळसर भुशाचे छोटे छोटे ढीग पडले होते.

"उंदीर असेल," मी मोठ्याने म्हणाले. लाकडाच्या पोटात उंदीर राहत नाही हे मलाही कळत होतं.

ते लाकूड पाइनचं होतं, आणि ते सासूबाईंनी कुठून आणलं हे मला माहीत नव्हतं. विचारायची सोयही नव्हती. आमच्या डोंगरावर मोलाची अशी एकच गोष्ट पिकते. शरद ऋतूत पाइनच्या मुळांशी अळंबी येते. ती पेरता येत नाही, लावता येत नाही. जिवंत पाइनच्या मुळांशी तिचा संसार असतो. झाड गेलं की तीही जाते. प्रत्येक घराची अळंबीची आपली एक जागा असते आणि ती जागा कोणी कोणाला सांगत नाही. शेजाऱ्याला नाही, जावयाला नाही, पोटच्या मुलालाही नाही. मरायला टेकल्यावर एकालाच सांगायची. आमचे गावप्रमुख ग्वाक काका आहेत ना, त्यांच्या वडिलांना झटका आला आणि वाचा गेली. म्हातारा जीव जाईपर्यंत बोटाने हवेत वाट काढत राहिला. कोणाला काही कळलं नाही. ती जागा त्याच्याबरोबरच गेली.

सासूबाई तर या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. फटफटायच्या आत निघायच्या, वर जायचं असेल तर आधी खालची वाट धरायच्या, कोणाला ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. नवी असताना मी एकदा विचारलं होतं, "आई, टोपली धरायला मी येऊ का?"

"ये की," त्या म्हणाल्या. "मी मेल्यावर ये."

गेल्या शरदात मात्र हंगाम सरला तरी त्या डोंगरावर जातच राहिल्या. करवत घेऊन जायच्या आणि पाठीवर ओंडके लादून यायच्या. वय झालेली बाई, ओझ्याखाली वाकून निम्मी झालेली.

"आई, सरपण विकत मिळतं. थेगिलला कळलं तर मलाच बोलेल तो."

"तुझ्या बॉयलरला लागतंय का हे? मग गप बस."

सगळा हिवाळा त्यांनी ते लाकूड जाळलं. जमीन इतकी तापायची की माझा पाय टेकायचा नाही. मला वाटायचं, म्हातारीला थंडी सोसत नसेल. थप्पी निम्म्यावर आली आणि फेब्रुवारीत, सोयाबीन मुरवायच्या रांजणांपाशी, बर्फावरून त्यांचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. चुलाण विझलं ते विझलंच.

मी तो आवाज ऐकला त्याच आठवड्यात गावच्या भोंग्यातून ग्वाक काकांची आरोळी आली. "हॅलो, हॅलो. वन खात्याची बाई आलीय. पाइन मरतायत त्याबद्दल सांगणार आहे. सगळ्यांनी सभागृहात या. येणाऱ्याला गरम नूडल्स मिळतील." पाइनसाठी किती आले असते देव जाणे, नूडल्ससाठी सगळे आले.

पलीकडच्या खोऱ्यात झाडं लाल पडायला लागली आहेत हे आमच्या कानावर आलं होतं. कानावर आलं होतं, पण तोंडातून कोणी काढत नव्हतं.

वन खात्याची बाई म्हणजे बे हेउन. बुटकी, चिखलाने भरलेले बूट, आणि आवाज असा की तिला भोंग्याची गरज नाही. टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला होता. मेलेल्या पाइनचा कीस तिने पाण्यात भिजवून आणला होता. मी जवळ उभी होते म्हणून तिने मलाच पुढे ओढलं.

मी डोळा लावला. पाण्यात केसांचे तुकडे वळवळत होते. आरपार दिसतील असे. डोळे नाहीत, पाय नाहीत, गांडुळाच्या अंगावर असतात तशी कडी नाहीत. दोन्ही टोकांना निमुळत्या, गुळगुळीत, गोल नळ्या. नागमोडी वळत होत्या, थांबत नव्हत्या. मला शिसारी आली, पण डोळा काढवेना.

"गोलकृमी," बे म्हणाली. "जगातला सगळ्यात सुटसुटीत संसार. फुप्फुस नाही, हृदय नाही, रक्त नाही. श्वास कातडीतूनच. एक तोंड, एक आतडं आणि अंड्यांची पिशवी. वाढताना चार वेळा कात टाकतो आणि थोड्याच दिवसांत त्याची पोरंबाळं पुन्हा अंडी घालायला तयार. ह्याच्या तोंडात बघा, सुई आहे. ती झाडाच्या पेशीत खुपसायची आणि आतलं शोषायचं. झाडाच्या पाण्याच्या वाटा बंद पडतात. आधी पानं मान टाकतात, मग झाड लाल होतं. लाल झालं म्हणजे ते मेलं."

"मग औषध पाजा की," योंगजूवाली म्हणाली. ती आमची शेजारीण, तिच्या जिभेला हाड नाही. "पोरांना जंतांचं देतो तसं."

सगळे हसले. बेही हसली. "आहे ना औषध. खोडाला भोक पाडून टोचायचं. पण झाड निरोगी असताना. आणि टोचलं की दोन वर्षं त्या झाडांखालची अळंबी खायची नाही, विकायची नाही."

हसू एकदम थांबलं. सगळे आपापल्या वाडग्यात बघायला लागले.

बेला ते जाणवलं असावं. ती माझ्या बुटांकडे वळली. मी लसणाच्या वाफ्यातून तशीच आले होते. तिने बुटाची चिमूटभर ओली माती घेतली, थेंबभर पाण्यात कालवली, काचेवर घेतली आणि म्हणाली, "आता हे बघा."

तेच. तसेच केसांचे तुकडे, तसेच वळवळणारे. मी किंचाळून मागे सरले.

"माझ्या लसणात?"

"तुमच्या लसणात, डोंगरावर, समुद्राच्या तळाशी, जिथे म्हणाल तिथे. पृथ्वीवरचे प्राणी मोजायला बसलं तर पाचातले चार हेच निघतील. यांना घाबरू नका हो, यांच्यावरच तुमचा लसूण पोसतो. कोणी जिवाणू खातं, कोणी बुरशी, कोणी आपल्याच जातभाईला. खाऊन जे बाहेर टाकतात ते मुळांचं जेवण. हे नसतील तर मातीतलं सगळं मातीतच अडकून राहील."

"आणि हा पाइनमधला?" ग्वाक काकांनी विचारलं.

"हाही त्याच्या माहेरी गरीब आहे. अमेरिकेच्या जंगलात मेलेल्या लाकडावरची बुरशी खाऊन राहतो. तिथले पाइन त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, त्याच्याने मरत नाहीत. आपल्या पाइनांना तो अनोळखी. आपल्या कोरियात पहिल्यांदा सापडला तो बुसानला."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"बुसानहून काय काय आलंय या गावात!" योंगजूवाली म्हणाली, आणि सभागृह पुन्हा हसलं. मीही हसले. दुसरं काय करणार?

मग बेने एक डबी उघडली. त्यात टाचणीला टोचलेला भुंगेरा होता, करडा-तपकिरी, अंगापेक्षा लांब मिशांचा. "कृमी आपल्या आपण एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. त्याला गाडी लागते. ही त्याची गाडी. भुंगेरा मरणाऱ्या पाइनवर अंडी घालतो. अळी आत शिरते आणि लाकूड चावत राहते. कान लावलात तर ऐकू येईल. खर्र, खर्र, असं."

माझ्या हातातल्या नूडल्स खायच्या काड्या खाली पडल्या.

"मेमध्ये अळीचा भुंगेरा होतो. तोवर कृमी त्याच्याभोवती गोळा होऊन वाट बघत असतात. त्याच्या श्वासाच्या नळ्यांत हजारोंनी शिरून बसतात. तो गोल भोक पाडून बाहेर येतो, उडतो, चांगल्या झाडाची कोवळी साल खातो. जिथे दात लावला तिथून हे आत उतरतात. कृमी भुंगेऱ्यासाठी झाड मारतो, भुंगेरा कृमीला नव्या झाडावर पोचवतो. म्हणून हात जोडून सांगते, लाल झाड दिसलं की आम्हाला कळवा. आम्ही कापू, ताडपत्रीखाली धुरी देऊ, आजूबाजूचे पाइनही काढू. तुम्ही कापू नका, लाकूड हलवू नका. आणि घरी तर मुळीच नेऊ नका."

घरी गेले. थप्पीकडे बघायची हिंमत होईना. त्या दिवसापासून मी भाजी पुन्हा पुन्हा धुवायला लागले, लसणाच्या वाफ्यात हात घालेना. अंथरुणावर पडलं की वाटायचं, आपल्याखाली, जमिनीखाली, सगळीकडे वळवळ चालू आहे. बेने कितीही सांगितलं तरी मनाला पटायला हवं ना.

सासूबाईंना घरी आणलं तेव्हा डोंगरावर गुलाबी फुलं आली होती. खोलीत पाऊल टाकताच, कुबडीवरून हात न काढता त्या म्हणाल्या, "चुलाण पेटव."

"आई, ते लाकूड कुठलं आहे?"

"पाइनचं."

"कुठल्या पाइनचं? लाल झालेल्या?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी विचारलं नव्हतं. भिंतीपलीकडून आवाज आला. खर्र. त्यांनीही ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती बघण्याची माझी पहिलीच वेळ. ज्या बाईला आपण घाबरतो तीच घाबरली तर जायचं कुठे?

"तुला मानसूबद्दल सांगितलं नाही ना मी कधी," त्या खाली बसत म्हणाल्या. "माझा धाकटा भाऊ. लढाई संपली होती, खायला नव्हतं. शेताला माणसांचंच खत असायचं, सगळ्या पोरांच्या पोटात जंत. त्याचं पोट मडक्यासारखं झालं. वैद्याने औषध दिलं तर ते आतल्या आत गोळा झाले. तोंडातून आले गं. वीत वीत लांब, पांढरे. नाकातून आले. आजी चिमट्याने धरून चुलीत टाकत होती आणि म्हणत होती, कृमी मरतो तो आगीतच. मानसू वाचला नाही. पण ते जळताना मी बघितले."

मी त्यांच्या पुढ्यात पाण्याचा वाडगा ठेवला.

"माझ्या जागेवरचं झाड लाल झालं तेव्हा मला कळलं आत काय आहे ते. ते सरकारी लोक कापडाखाली धूर करतात. धुराने काय मरतंय! मी म्हटलं, मीच जाळीन. माझ्या हाताने, माझ्या चुलाणात. एकेक तुकडा."

"आई, तो भुंगेऱ्यावर बसून जातो. मेमध्ये."

बेने सांगितलं ते सगळं मी त्यांना सांगितलं.

"मग आज जाळून टाक सगळं," त्या म्हणाल्या.

"हे जाळते. पण फांद्या? शेंडा?"

"शेंडा ओढायला अंगात जोर नव्हता. तिथेच आहे." त्यांनी कुबडी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाल्या, "जागा सांगितली की ते येतील. आजूबाजूचे पाइन कापतील, उरलेल्यांना टोचतील. अळंबी माझ्या हयातीत येणार नाही. तुझ्याही नाही."

"आणि नाही सांगितली तर डोंगर जाईल."

"एका झाडाने डोंगर जात नाही. तू बाहेरून आलीस, तुला काय कळणार."

मी उठून गेले. रागही आला होता आणि रडूही. थप्पी ओंडका ओंडका करत चुलाणात घातली. प्रत्येक ओंडका उचलताना आत काहीतरी हलल्याचा भास व्हायचा. साल सुटून हातात आली तेव्हा आत पांढरी, गुबगुबीत अळी निघाली. मी तिला तशीच आगीत फेकली आणि हात राखेने घासला.

संध्याकाळ व्हायला आली होती. शेवटचा ओंडका जळला, चुलाण शांत झालं, आणि तरी मला आवाज येत होता. मला वाटलं, कानात बसला असेल. मी अंगणात आले. आवाज योंगजूवालीच्या कुंपणापलीकडून येत होता.

तिच्याही छपराखाली पाइनची थप्पी होती. मी कुंपणावरून वाकून कान दिला. खर्र, खर्र. तिथून पुढच्या घरी गेले. भिंतीला टेकवलेल्या लाकडांना कान लावला. खर्र. मग मला राहवेना. गल्लीतून खाली जात मी एकेका घराच्या सरपणाला कान लावत गेले. काही थप्प्या गप्प होत्या, काही चावत होत्या. ग्वाक काकांच्या घरामागची थप्पी तर दोन पावलांवरून ऐकू येत होती. कुत्री भुंकायला लागली. कोणीतरी खिडकीतून ओरडलं, "काय गं बुसानवाली, वेड लागलं का?" मी न थांबता पुढच्या थप्पीकडे वळले.

एकाही माणसाने कळवलं नव्हतं. प्रत्येकाच्या गुपित जागेवरचं झाड लाल झालं होतं, प्रत्येकाने ते गुपचूप कापलं होतं आणि घरी आणून जाळायला रचलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, डोंगरावर लाल झाड आपलंच एकट्याचं.

घरी परतून मी सासूबाईंना सगळं सांगितलं.

"ग्वाकच्याही?"

"सगळ्यात मोठा आवाज त्यांच्याकडेच."

सकाळी त्या मला म्हणाल्या, "कोबीची हातगाडी काढ."

मी त्यांना गाडीत बसवून सभागृहाकडे ढकलत नेलं. ग्वाक काका भोंग्यावर रोजच्या सूचना द्यायला निघालेच होते.

"वहिनी, तुम्ही? मोडलेल्या खुब्याने?"

"भोंगा लाव."

"अहो, पण कशाला?"

"तुझ्या बापाने बोट हलवत हलवत जीव सोडला. मला अजून तोंड आहे. लाव."

त्यांनी बटण दाबलं. सासूबाईंनी माइक असा पकडला की जणू तो पळून जाईल.

"हॅलो. उल्जिनवाली बोलतेय. माझी जागा सांगते." खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांचाच आवाज आपटून परत आला. "कासवाच्या दगडापाशी ओढा ओलांडायचा. जळक्या ओकपासून डाव्या हाताने वर. एका मुळातून दोन पाइन फुटलेत, तिथे. एक झाड लाल झालं, मी कापलं, घरी आणलं. शेंडा तिथेच पडलाय. त्यात किडे आहेत आणि ते उडणार आहेत. तुमच्या छपराखाली काय चावतंय ते माझ्या सुनेने ऐकलंय. मी माझी लाज उघड्यावर टाकली. आता तुम्ही बघा."

त्यांनी माइक ठेवला. ग्वाक काकांचा हात बटणावर होता, पण त्यांनी ते बंद केलं नाही. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग ते माइककडे वाकले.

"ग्वाक बोलतोय," ते म्हणाले. "वडिलांची गेली. मी शोधलेली जागा पाणवठ्याच्या वर, त्यांच्या थडग्यामागे."

तासाभरात सभागृहापाशी गाव जमलं. योंगजूवाली घरातल्याच चपलांवर आली, एका हाताने डोळे पुसत आणि दुसऱ्याने सगळ्यांना शिव्या देत. तिने आपली जागा सांगितली आणि लगेच म्हणाली, "आणि आता कोणी तिकडे फिरकलं तर तंगडं तोडीन." कोणी हसलं नाही. एकेकाने जागा सांगितल्या. ऐकताना वाटत होतं की माणसं एकमेकांसमोर कपडे उतरवतायत.

बे आली, तिच्याबरोबर माणसं आली. गावातलं सगळं लाकूड नदीच्या वाळूत नेऊन तिच्या देखरेखीखाली जाळलं. डोंगरावर झाडं पडली, ताडपत्र्यांचे हिरवे ढीग दिसायला लागले. सासूबाईंनी दारात बसून ते सगळं पाहिलं. बे त्यांना म्हणाली, "आजी, मे उजाडायच्या आत आटपलं. तुमच्यामुळे." त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्या डोंगराच्या डाव्या सोंडेकडे बघत होत्या. मला वाटलं, जागेची आठवण येत असेल.

मे गेला. मी हळूहळू सुधारले. लसणाच्या मातीत पुन्हा हात घालायला लागले. लसूण उपटताना मुळांना चिकटलेली ओली माती बघून एकदा तर मनातल्या मनात म्हणाले, खा बाबांनो, पोटभर खा.

जूनमध्ये, लसूण काढून झाला त्या दिवशी, मी दोरीवरचे कपडे काढत होते. सासूबाई कट्ट्यावर बसून लसूण सोलत होत्या. पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर काहीतरी बसलं होतं. करडं-तपकिरी. अंगापेक्षा लांब मिशा, सावकाश हलणाऱ्या.

सासूबाईंनी माझा चेहरा बघितला, कुबडी टेकत आल्या, आणि अंगठ्याने तो भुंगेरा अभ्र्यावरच चिरडला. त्याच्या अंगात, श्वासाच्या नळ्यांत, ते हजारो बसले असतील हे माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

"कोणी सांगितलं नसेल, आई? योंगजूवालीने दुसरी जागा लपवली असेल? तिचा काही भरवसा नाही. थांबा, मी जाऊन विचारते."

"नको."

"का नको?"

त्या अभ्र्यावरच्या डागाकडे बघत राहिल्या. त्या दिवशी डाव्या सोंडेकडे लागलेली त्यांची नजर मला आठवली.

"आई, तुमची जागा एकच होती ना?"

"भोंग्यावर सांगितली ती तुझ्या सासऱ्यांच्या घराण्याची," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं. "दुसरी माझी. मी स्वतः शोधलेली, तुझ्या सासऱ्यांनाही कधी सांगितली नाही. ती तुझ्यासाठी ठेवली होती. मरताना तुला सांगायला माझ्यापाशी काहीतरी उरायला नको का?"

मला त्यांना बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. मी अभ्रा दोरीवरून ओढला आणि डाग आत जाईल अशी त्याची घडी घातली.

"माझे बूट आण," त्या म्हणाल्या.

कुबडीवर भार देत त्या पुढे, मी मागे. या वेळी त्यांनी आडवाट धरली नाही, सरळ चढत गेल्या. ओढ्यापाशी मी हात दिला तेव्हा त्यांनी तो झिडकारला नाही. डाव्या सोंडेच्या वळणावर, जिथून गाव दिसेनासं होतं तिथे, त्या थांबल्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून पुढे बघितलं.

अख्खा उतार लाल होता.

"शरदात एकच होतं," सासूबाई म्हणाल्या.